टॅपेट वाजतोय? आधी मोजा, मग बोला

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात उन्हाळ्यात गाडी कशी सांभाळायची त्याच्या टिपा आल्या होत्या. टायरची हवा, कूलंट, बॅटरीचं पाणी, या सगळ्याला माझं काही म्हणणं नाही, बरोबरच लिहिलंय. पण सहाव्या टिपेत असं होतं की इंजिनातून टिकटिक आवाज येत असेल तर टॅपेट टाइट करून घ्या, आवाज बंद होईल. (वाल्व म्हणजे इंजिनात हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झडप, रॉकर म्हणजे त्याला दाबून उघडणारा दांडा, आणि त्या दोघांमधला गॅप कमी-जास्त करायचा स्क्रू म्हणजे टॅपेट. टाइट म्हणजे गॅप कमी.) साहेब, आवाज बंद होतो हे शंभर टक्के खरंय आणि सगळी भानगड तिथंच आहे.

सोमवारी सकाळी शटर वर केलं तर पुढं एक ओम्नीवाला हजर, शाळेची पोरं नेणारा, हातात तुमच्या पेपरची घडी. म्हणला, "मिस्त्री, दोन महिने झाले गाडी वाजायलीय, तुमचं आपलं बघू बघू चाललंय, हे बघा पेपरात आलंय, टाइट करून टाका की." आता छापून आलेल्यापुढं आमच्यासारख्या काळ्या हाताच्या माणसाचं कोण ऐकतंय. मी म्हणलं गाडी ठेवून जा, चार वाजता या. तो चिडला, अर्ध्या तासाचं काम आणि दिवसभर गाडी कशाला. पण इंजिन गरम होतं आणि या इंजिनचे टॅपेट थंडवर सेट करायचे असतात, म्हणून ऐकलं नाही.

चारला पुढची बसायची सीट उचलली, ओम्नीचं इंजिन तिच्याखालीच, टॅपेट कव्हर खोललं. ओम्नीला आणि जुन्या आठशेला तेच ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, सहा वाल्व, आणि थंड इंजिनवर गॅप पाहिजे ०.१३ ते ०.१७ मिलिमीटर, आम्ही सरळ ०.१५ ची पट्टी, म्हणजे गॅप मोजायचा फिलर, धरतो. इनलेटचे (हवा घेणारे) तिन्ही ठीक निघाले. एक्झॉस्टच्या (धूर सोडणाऱ्या) तीनपैकी दोन ठिकाणी पट्टी शिरेचना. ०.१० ची घातली, तीही नाही. ०.०५ ची घातली तेव्हा एकात कशीबशी गेली, दुसऱ्यात तर तीही अडली. म्हणजे बघा, ज्या गाडीचे टॅपेट टाइट करा म्हणून माणूस पेपर घेऊन आला तिचे टॅपेट आधीच नको तेवढे टाइट होते. मग आवाज कशाचा, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डची पॅकिंग एका कोपऱ्यात फुटली होती, तिथं हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वाल्ववाल्या वरच्या भागावर, काजळीची काळी जीभ बाहेर आलेली. गाडी थंड असताना तिथून हवा फटफट मारायची आणि मॅनिफोल्ड तापून फुगलं की फट मिटायची. ऐकणाऱ्याला वाटायचं टॅपेट. पॅकिंग बदलली, टॅपेट उलट ढिल्ले केले, गाडी गप्प. त्या माणसाला अजून पटलेलं नाही की ढिल्लं करून आवाज कसा गेला.

आता ते दोन टॅपेट आपोआप टाइट कसे झाले, तर गाडी गॅसवर चालते. गॅस कोरडा पेटतो, पेट्रोलवर बनलेल्या जुन्या इंजिनची वाल्वची सीट (वाल्व ज्यावर टेकतो ती कडी) त्याला टिकत नाही, वाल्व सीटमध्ये हळूहळू रुतत जातो. तिकडून रुतला की त्याची शेपटी इकडं वर येते आणि रॉकरखालचा गॅप खाऊन टाकते. हे सगळं एकदम चुपचाप होतं, गॅप कमी होताना गाडी उलट जास्तच गोड चालते. आता आमच्याकडंही सीएनजीचे पंप झालेत, जुन्या गाड्यांना किट बसवायची लाट आलीय, त्यात स्क्रूवाले टॅपेट असलेल्या किती गाड्या आहेत बघा, आणि किट बसवणारा कुणीच सांगत नाही की बाबा आता टॅपेट लवकर लवकर मोजत जा.

गॅप ठेवायचाच कशाला असं कुणी विचारलं तर मी दाराची चौकट सांगतो. पावसाळ्यात लाकूड फुगलं की दार बसत नाही, फट राहते, तसं वाल्वचं आहे. एक्झॉस्ट वाल्वच्या अंगावरून जळता धूर जातो, तो तापून लाल होतो आणि अंगातली बरीचशी आग सीटला टेकल्यावर सीटमधून हेडला, हेडमधून पाण्याला देतो. टेकायलाच नाही मिळालं तर आग जाणार कुठं. गॅप नसला की वाल्व पूर्ण बसत नाही, केसाएवढी फट राहते, त्या फटीतून प्रत्येक वेळी जाळ सुटतो, आणि मग कडा जळत जाते. म्हणून वाजणारा टॅपेट मला चालतो. थोडा ढिल्ला असला तर आवाज करील, रॉकरचं तोंड झिजवील, पिकअप थोडी कमी होईल, पण सांगून करील. टाइट टॅपेट सांगत नाही.

हे मी पुस्तकात वाचून बोलत नाही. चूक मी स्वतः केलेली आहे. नवीन नवीन होतो, लातूर-औसा-निलंगा रोडला काळ्यापिवळ्या कमांडर जीपा चालायच्या तेव्हाची गोष्ट. एका ड्रायव्हरची जीप वाजायची, पुढच्या सीटवर बसलेले पाहुणे म्हणायचे काय रे हिच्यात जात्यावर दळायलास काय. तो रोज माझ्या डोक्यावर बसायचा. एक दिवस उस्ताद नव्हते, मी कव्हर खोललं आणि फिलर न लावताच, हातानं रॉकर हलवून बघत, आठच्या आठ टॅपेट "बसवून" टाकले. जीप अशी गप्प झाली की ड्रायव्हरनं मला भजे खाऊ घातले. दोन-अडीच महिन्यांनी, दिवाळीनंतरच्या थंडीत, तीच जीप सकाळी चालू होईना, ढकलून चालू करावी लागायची आणि चालू झाली की एका सिलिंडरवर मिसिंग. डिझेलला प्लगची ठिणगी नसते, दाबूनच पेटतं, दाब गेला की सकाळची थंडी झेपत नाही. हेड उतरवलं तर एका एक्झॉस्ट वाल्वच्या कडेचा तुकडाच गायब, भाकरीचा काठ तोडून घेतल्यावर दिसतो ना तसा. उस्तादांनी तो वाल्व पुसला, माझ्या हातावर ठेवला आणि एवढंच म्हणले, "बजने देता ना बेटा." वाल्वचे आणि हेडच्या कामाचे पैसे माझ्या पगारातून कापले, ड्रायव्हरला बिल दिलं नाही. तो वाल्व अजून माझ्या टूलबॉक्सच्या खालच्या कप्प्यात आहे.

त्यामुळं गिऱ्हाईक "टॅपेट वाजतोय" म्हणला की मी आधी हे मान्यच करत नाही की टॅपेट वाजतोय. कॅमशाफ्ट, म्हणजे वाल्व उचलणाऱ्या उंचवट्यांची (कॅमची) दांडी, क्रँकच्या म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या अर्ध्या वेगानं फिरते, म्हणजे इंजिन स्लोला मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असेल तर एक वाल्व मिनिटाला ४०० वेळा उघडतो, सेकंदाला सहा-सात टिक. कान बसला की हा अर्धा ताल ओळखू येतो. बेअरिंगचा आवाज खालून येतो, जड येतो, ठक ठक, आणि लोडवर वाढतो, जुन्या पेट्रोल गाडीत त्या सिलिंडरचा प्लग मारला, म्हणजे वायर काढून ठिणगी बंद केली, की तो दबतो, टॅपेटला प्लग मारल्याचं काही देणंघेणं नसतं. (नवीन गाडीत चालू इंजिनवर वायरी उपटू नका, कॉइल जाते आणि झटका बसतो तो वेगळा.) सीआरडीआय म्हणजे नव्या डिझेल गाडीचे इंजेक्टर (डिझेल फवारणारे) टिकटिक करतात, ती त्यांची बोली आहे, तिला औषध नाही. प्लग ढिल्ला असला तरी फिसफिस-टिकटिक येतं. टायमिंग चेन सैल असली तर पुढच्या बाजूनं खळखळ येते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर एकेका सिलिंडरच्या वर टेकवा आणि मूठ कानाच्या हाडाला लावा, आवाज कुठं आहे ते डॉक्टरच्या नळीसारखं कळतं, फक्त गळ्यातला गमछा आधी काढून ठेवा, पट्ट्यात आणि पंख्यात गुंतलेले गमछे मी बघितलेत.

जुन्या पुशरॉडच्या इंजिनवर (कॅम खाली, तिथून लांब काडी रॉकरला ढकलते), अँबॅसिडर म्हणा जीप म्हणा, अजून एक पक्की पद्धत आहे. कव्हर काढून इंजिन स्लोला चालू ठेवायचं, अंगावर ऑइल उडतं ते उडू द्यायचं, आणि फिलरची पट्टी एकेका रॉकर आणि वाल्वच्या मध्ये सरकवायची. ज्याच्यात पट्टी गेल्यावर आवाज गेला, तो चोर. सेट करताना मात्र इंजिन बंद, आणि चार सिलिंडरचा हिशोब सोपा आहे, चारचे दोन्ही वाल्व एक बसताना दुसरा उठताना डुलायला लागले की एक नंबर सेट करा, तीनचे डुलले की दोन, आणि उलटंही तसंच. पट्टी ओढताना लोण्यातून सुरी ओढल्यासारखी नाही आणि चिखलातून पाय ओढल्यासारखीही नाही, थोडी धरून सुटली पाहिजे. लॉकनट आवळला की गॅप हलतो म्हणून आवळल्यावर परत पट्टी घालायची, हे न करणारे निम्मे आहेत. आणि रॉकरच्या तोंडाला झिजून खळगा पडला असेल तर पट्टी खळग्यावर पुलासारखी बसते, पट्टी म्हणते ०.१५ आणि खरा गॅप असतो दुप्पट. तेव्हा माणूस तीन-तीनदा सेट करतो, आवाज जात नाही, आणि मग वैतागून टाइट करतो. तिथं रॉकर बदला किंवा घासून आणा, पट्टीला शिव्या देऊ नका.

आता हायड्रॉलिकवाले, म्हणजे ऑइलच्या दाबावर गॅप आपोआप मिटवणारे. इथं हिशोब एकदम उलटा आहे आणि तुमची सहावी टीप इथं आणखी घोळ करते. मी काही वर्षं औरंगाबादला (आता संभाजीनगर) उस्तादांच्याच गॅरेजात होतो, तिथं एका शौकीन मालकाची जुनी अमेरिकन इम्पाला यायची, व्ही-एट म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. ही पण पुशरॉड-रॉकरवालीच, मी अँबॅसिडर समजून फिलर काढला तर उस्ताद हसले. तिच्या लिफ्टरच्या (कॅम आणि पुशरॉडच्या मधला तुकडा) पोटात एक छोटा प्लंजर, म्हणजे सरकता दट्ट्या, असतो, त्याच्याखाली स्प्रिंग आणि एक गोळीचा वाल्व. ऑइल पंपाचं प्रेशर ऑइल आत भरतं, कॅमचं नाक वर आलं की गोळी बसते, ऑइल कोंडतं, आणि कोंडलेलं ऑइल दबत नाही म्हणून लिफ्टर लोखंडासारखा कडक होतो. कॅमची गोल पाठ आली की जेवढं झिरपलं तेवढं परत भरतं. म्हणजे गॅप तो स्वतः मिटवतो, शून्य ठेवतो. आपण फक्त प्लंजरला थोडा दाबून मध्यावर बसवायचा असतो, वर जायलाही जागा पाहिजे, खाली जायलाही. यालाच प्रीलोड म्हणतात.

तो दिवस माझ्या डोळ्यापुढं आहे. उस्तादांनी एक सिलिंडर धरला, एक्झॉस्ट उघडायला लागला की थांबले आणि त्याच सिलिंडरचा इनलेट धरला. रॉकरचा नट ढिल्ला केला, पुशरॉड दोन बोटांत धरून वर-खाली हलवत नट हळूहळू उतरवला, वर-खालीचा खटका संपला तिथं थांबले, हा झाला शून्य. मी पुशरॉड गोल फिरवून बघत होतो, फिरायचा थांबला की शून्य असं मला वाटायचं, उस्ताद म्हणले तसं नाही, आतली स्प्रिंग मऊ आहे, फिरायचा थांबेपर्यंत प्लंजर दबूनही गेलेला असतो. शून्यापासून मग पाऊण ते एक फेरा. तो नट ज्यावर फिरतो त्या स्टडला इंचाला २४ आटे, म्हणजे एक फेरा म्हणजे नट साधारण एक मिलिमीटर खाली, पाहा किती बारीक काम आहे ते. मग इंजिन फिरवून इनलेट पूर्ण उघडून परत बसत आला की एक्झॉस्ट. असे सोळा वाल्व.

एक राहिला होता वाजायचा. तो त्यांनी इंजिन चालू ठेवून धरला. नट ढिल्ला केला, खडखड सुरू, परत आवळत आणला, खडखड थांबली, आणि मग पाव फेरा. पाव फेरा दिला की इंजिन लगेच अडखळलं, मी घाबरलो, उस्ताद हात न हलवता उभे. दहा सेकंदात इंजिन आपोआप सरळ झालं. दाबला गेलेला लिफ्टर आतलं जास्तीचं ऑइल झिरपून देतो, तोपर्यंत वाल्व उघडा राहतो, म्हणून अडखळतं. परत पाव, परत दहा सेकंद. चार वेळा. ती दहा सेकंदं ज्याला थांबता येत नाहीत त्यानं या कामात पडू नये. एकदम फेरा दिला तर वाल्व उघडाच राहून पिस्टनला भेटायची भीती. आणि प्रीलोड फारच जास्त झाला, प्लंजर तळाला टेकला, की तो हायड्रॉलिक राहिलाच नाही, वाल्व कधीच पूर्ण बसणार नाही, माझ्या कमांडरचीच गोष्ट पुन्हा.

तुम्ही म्हणाल लातुरात इम्पाला किती. एकही नाही. पण स्विफ्ट आणि डिझायर डिझेल गल्लीत दहा आहेत, त्यांच्या १.३ लिटरच्या इंजिनात हायड्रॉलिकच आहे, रॉकरखाली उभा. आणि त्याला स्क्रू नाही, नट नाही, सेट करायला काही म्हणजे काहीच नाही. तरी मागच्या महिन्यात एक मास्तर माझ्याकडं बिल घेऊन आले, दुसऱ्या एका गॅरेजचं, नाव कशाला घ्यायचं, त्यावर स्वच्छ लिहिलेलं, "टॅपेट सेटिंग ८०० रु." मी मास्तरांना विचारलं काय सेट केलं म्हणे, ते म्हणले आवाज कमी झाला होता की चार दिवस. झाला असणार, जाड ऑइल ओतलं होतं. पातळ ऑइलवर चालणाऱ्या इंजिनात घट्ट ऑइल भरलं की लिफ्टर काही दिवस गप्प बसतो, पण सकाळी थंड इंजिनला ते वरपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तोवर सगळं कोरडं घासतं.

या गाड्यांत आवाज आला तर पाना नंतर, ऑइलची काडी आधी. कमी असेल तर पंप हवा ओढतो, आणि जास्त असेल तरी तेच, क्रँक ऑइलात बुडून ताक घुसळल्यासारखा फेस करते, फेस लिफ्टरात गेला की तो स्पंज होतो. फेसाचा आवाज रेझ केल्यावर वाढतो ही खूण. सकाळी चालू केल्यावर दोन-चार सेकंद टिकटिक करून गप्प होत असेल तर एवढं घाबरायचं काम नाही, रात्रीत ऑइल खाली उतरलेलं असतं, पण स्वस्तातला डुप्लिकेट फिल्टर लावल्यापासून हे सुरू झालं असेल तर फिल्टर बदला, आत ऑइल अडवून धरायचं रबर नसतं त्याच्यात. मास्तरांच्या गाडीत मी योग्य नंबरचं ऑइल आणि चांगला फिल्टर टाकला, आठशे किलोमीटरनं परत बदलायला बोलावलं, तीन लिफ्टर घाणीनं चिकटलेले होते त्यातले दोन सुटले. एक नाही सुटला. तो बदलावा लागला, आणि मी ते मास्तरांना आधी सांगितलं नव्हतं ही माझी चूक.

आणि अजून एक, हेड उतरवून वाल्व-सीटचं काम केलेल्या गाडीला जुना हिशोब चालत नाही. सीट कापली की वाल्वची शेपटी वर येते, स्क्रूवाल्यात गॅप कमी, हायड्रॉलिकमध्ये प्रीलोड जास्त. शिमवाल्या गाडीत (स्क्रूऐवजी पातळ चकत्यांनी गॅप धरणाऱ्या) शिम बदलून मोजावे लागतात, वेळखाऊ काम आहे, पैसे जास्त लागतात, त्याला कुरकुर करू नका.

तर साहेब, माझी विनंती एवढीच की पुढच्या रविवारी त्या सहाव्या टिपेखाली दोन ओळी छापा: आधी आवाज कशाचा ते बघा, आणि स्क्रूवाले टॅपेट असतील तर कंपनीच्या आकड्याला मोजून सेट करा, मग ते टाइट करायचे निघोत की ढिल्ले. आणि एक आमच्या बाजूनं लिहा. ओम्नी-आठशेचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, तापलं की वाल्वपेक्षाही जास्त फुगतं आणि गॅप वाढतो, गरम इंजिनवर ०.१५ लावला तर थंड झाल्यावर जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणून गाडी सकाळी पळवत आणून "मिस्त्री, उभ्या उभ्या करून द्या, कचेरीला जायचंय" म्हणू नका. आदल्या रात्री लावून जा. चहा पाजून, दारापर्यंत आमचा पोरगा स्कूटीवर सोडील.

आपला,
एक गॅरेजवाला, लातूर